जुन्या कॉम्प्युटरला एसएसडी: आधी मोजा, मग खर्च करा

जुलैचा शेवटचा आठवडा होता. सेलूजवळच्या एका गावातलं सेवा केंद्र. खरिपाच्या पीक विम्याची मुदत संपत आलेली, बाहेर ओट्यावर वीस-पंचवीस शेतकरी सातबारा, आधार आणि बँकेचं पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत धरून बसलेले, आणि केंद्र चालवणाऱ्या ताई स्क्रीनकडं बघत थांबलेल्या. बटण दाबल्यापासून ब्राउझर उघडेपर्यंत सात मिनिटं जायची. स्कॅन केलेला कागद सेव्ह करायला घेतला की गोल चक्र फिरतच राहायचं. नवीन मशीन कोणतं घ्यावं हे विचारायला त्यांनी मला बोलावलं होतं. "दादा, लईच दमानं चालायलंय हे. लोकं सकाळपासून बसलेत. आता नवंच घ्यावं लागतंय का?"

नवं घ्यावं लागलं नाही. जुनी हार्ड डिस्क बाजूला सारून तिथं एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकड्यांऐवजी चिपांमध्ये डेटा साठवणारी डिस्क, बसवली, चार जीबीची रॅम (चालू काम तात्पुरतं धरून ठेवणारी मेमरी) आठ केली, आणि तेच मशीन पुढच्या हंगामालाही कामाला आलं. पण हा इलाज सगळ्या मशीनांना लागू पडत नाही. काहींवर केलेला खर्च पाण्यात जातो, तर काहींमध्ये घाई केल्यामुळं आयुष्यभराचा डेटा जातो. म्हणून पहिल्यांदाच हे काम करायला निघालेल्या माणसासाठी मी ज्या क्रमानं जातो तो क्रम इथं लिहितो. सेवा केंद्रवाले, डीटीपीवाले, शिकवणीवाले, आडत दुकानात टॅली चालवणारे मुनीम, कॉलेजची पोरं, आपल्याकडं याच लोकांची मशीनं सगळ्यात जुनी असतात आणि याच लोकांना पैसा सगळ्यात जपून लावावा लागतो.

आधी दुखणं कुठं आहे ते शोधा

दुकानात जाण्याआधी कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स' वर जा आणि मशीन नेहमीच्या कामाला लावा. ब्राउझर उघडा, स्कॅनर चालवा, टॅली उघडा. डावीकडं सीपीयू (म्हणजे प्रोसेसर), मेमरी (म्हणजे रॅम), डिस्क आणि नेटवर्क यांचे आकडे दिसतील. पाच मिनिटं फक्त बघत बसा.

डिस्क सारखी १०० टक्क्यांवर असेल आणि सीपीयू मात्र २०-३० टक्क्यांवर रेंगाळत असेल, तर दुखणं डिस्कचं आहे. तिथंच खाली 'अॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम' लिहिलेला असतो. तो शेकडो मिलिसेकंदांत गेला असेल तर शंकाच नको.

मेमरीचा आकडा ८५-९० टक्क्यांच्या वर असेल तर मात्र थांबा. रॅम भरली की विंडोज उरलेलं सामान डिस्कवर ठेवायला लागतं, आणि मग डिस्कही १०० टक्के दिसते. अशा मशीनला नुसती एसएसडी लावली तर फरक पडतो, पण अर्धाच. चार जीबी रॅमवर आजचं विंडोज आणि ब्राउझरचे दहा टॅब बसतच नाहीत. खिशात एकाच गोष्टीपुरते पैसे असतील तरी मी आधी एसएसडी घ्या म्हणतो, पण रॅमचे पैसे पुढच्या महिन्यात बाजूला काढा.

आणि डिस्क, मेमरी, सीपीयू तिन्ही निवांत असून वेबसाइटच उघडत नसेल, तर अडचण इंटरनेटची किंवा पलीकडच्या सर्व्हरची आहे. शेवटच्या तारखेला पोर्टलवर गर्दी झाली की जगातली सगळ्यात महाग एसएसडीही तुमच्या मदतीला येत नाही. हे आधी कळलं तर पैसे वाचतात.

हार्ड डिस्क हळू का असते

हार्ड डिस्कमध्ये चकचकीत तबकड्या फिरत असतात आणि त्यांच्यावरून एक बारीक सुई इकडून तिकडं सरकते. डेस्कटॉपची डिस्क मिनिटाला बहुधा ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला सव्वाआठ मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो. हवा तो भाग सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं, आणि सुईला जागेवर पोचायला साधारण नऊ मिलिसेकंद वेगळे. सगळं मिळून एका शोधाला १३ मिलिसेकंद धरा. म्हणजे सेकंदाला कसेबसे ७५ शोध. लॅपटॉपमधल्या ५,४०० फेऱ्यांच्या डिस्कला तर याहून जास्त वेळ लागतो.

जुन्या काळी तलाठ्याच्या दप्तरातून एक कागद काढायचा असला की कागद वाचायला दोन मिनिटं आणि गाठोडी सोडायला दोन तास लागायचे. हार्ड डिस्कचं तेच होतं. एक मोठा व्हिडिओ सलग वाचायचा असेल तर ती सेकंदाला १०० ते १५० एमबी आरामात वाचते. पण विंडोज चालू होताना हजारो बारीक फाइली वेगवेगळ्या कोपऱ्यांतून गोळा कराव्या लागतात, आणि प्रत्येकीसाठी गाठोडं सोडावं लागतं.

एसएसडीत फिरणारं काहीच नाही. सगळा डेटा चिपांमध्ये असतो, आणि एक शोध मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहून कमी वेळात होतो. म्हणून स्वस्तातली एसएसडीसुद्धा जुन्या मशीनला जिवंत करते. खोक्यावर छापलेला सेकंदाला अमुक एमबीचा आकडा बघून लोक भुलतात, पण रोजच्या कामातला फरक या शोधाच्या वेळेत आहे. हे नीट समजलं तर दुकानदार महागडं मॉडेल गळ्यात घालायला लागला तरी तुम्ही ठाम राहाल.

मशीन खर्चाच्या लायकीचं आहे का

टास्क मॅनेजरच्या सीपीयूच्या पानावर वरच प्रोसेसरचं नाव असतं. इंटेलचा असेल तर आकड्यावरून पिढी ओळखता येते. आय३-४१६० असेल तर चौथी पिढी, आय५-८२५० असेल तर आठवी. आकडा पाच अंकी असेल तर पहिले दोन अंक पिढीचे.

विंडोज १० साठी मिळणारा नेहमीचा मोफत आधार मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, आणि इंटेलमध्ये साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर लागतात. म्हणजे आठवी पिढी किंवा पुढचं मशीन असेल तर बिनधास्त खर्च करा, ते अजून काही वर्षं जाईल. चौथी ते सातवी पिढी असेल तर विचार करून करा. लोकांची आधार-बँकेची माहिती हाताळणाऱ्या मशीनवर सुरक्षेचे अपडेट न मिळणारं विंडोज चालवणं मला पटत नाही. घरी अभ्यासाला किंवा टायपिंगला असेल तर लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली एसएसडीवर सुरेख चालते. त्याहून जुनं, डीडीआर२ या जुन्या प्रकारच्या रॅमचं मशीन असेल तर पैसे लावू नका. त्याची रॅमही धड मिळत नाही, आणि मदरबोर्ड कधी साथ सोडेल ते सांगता येत नाही.

माझा एक हिशेब आहे. एसएसडी, रॅम, केबल आणि मजुरी मिळून येणारा खर्च हा त्याच कामाच्या चांगल्या जुन्या मशीनच्या किमतीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त होत असेल, तर मी गिऱ्हाइकाला थांबवतो.

दुसरा हिशेब वेळेचा. समजा केंद्रात दिवसाला २० अर्ज भरले जातात आणि प्रत्येकामागं दोन मिनिटं वाचली. दिवसाला ४० मिनिटं झाली. महिन्याचे २५ दिवस धरले तर हजार मिनिटं, म्हणजे साडेसोळा तासांच्या वर. हंगामात तेवढ्या वेळात किती अर्ज होतात आणि त्याचे किती मिळतात, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. आठवड्यातून एकदा बिल बघायला मशीन उघडणाऱ्याला हा हिशेब लागू होत नाही, आणि त्यानं खर्च पुढं ढकलला तरी काही बिघडत नाही.

बॅकअप, आणि मग बाकी सगळं

जुनी डिस्क किती शिल्लक आहे ते आधी बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाकलं की डिस्कची तब्येत एका पानावर दिसते. निळं 'गुड' असेल तर ठीक. पिवळं 'कॉशन' दिसलं, विशेषतः 'रीअॅलोकेटेड सेक्टर्स' किंवा 'पेंडिंग सेक्टर्स' या ओळींपुढं, तर ती डिस्क मरणाच्या वाटेवर आहे असं समजा. कटकट आवाज येत असेल तर मशीन पुन्हा पुन्हा चालू-बंद करून बघत बसू नका. आधी महत्त्वाच्या फाइली दुसरीकडं न्या.

बॅकअप म्हणजे डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सचं फोल्डर कॉपी करणं, एवढाच बहुतेकांचा समज असतो. आपल्याकडच्या मशीनांत त्यापलीकडं बरंच काही असतं. डीटीपीवाल्यांनी फॉन्टचं फोल्डर उचलायचं. श्रीलिपी, कृतीदेव यांच्या जुन्या फाइली फॉन्ट गेला तर नुसत्या चित्रविचित्र अक्षरांच्या उरतात. टॅलीवाल्यांनी डेटाचं फोल्डर घ्यायचं आणि जुन्या डिस्कवरून लायसन्स सरेंडर करायचं, म्हणजे नव्यावर ते सरळ चालू होतं. सेवा केंद्रवाल्यांनी अंगठ्याच्या मशीनचे, डिजिटल सहीच्या टोकनचे, स्कॅनरचे आणि प्रिंटरचे ड्रायव्हर आधीच उतरवून पेनड्राइव्हमध्ये ठेवायचे. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड वहीत किंवा खात्यात जपून घ्यायचे. मेलचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याची फाइल वेगळीच कुठं तरी लपलेली असते, ती शोधायची.

हे सगळं एका बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि मग ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावून चार-पाच फाइली उघडून बघा. कॉपी झाली म्हणजे उघडते असं नाही.

लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का तेही सेटिंगमध्ये तपासा. अलीकडच्या लॅपटॉपांत ते अनेकदा आपोआप चालू असतं. चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा आणि काम होईपर्यंत एन्क्रिप्शन बंद करा.

मी हे इतकं पोटतिडकीनं का सांगतो, त्याला कारण आहे. सुरुवातीच्या दिवसांत चुलतभावाच्या मशीनचं क्लोनिंग, म्हणजे एका डिस्कची हुबेहूब नक्कल दुसरीवर, करताना मी स्रोत आणि लक्ष्य यांची अदलाबदल केली. दोन्ही डिस्क ५०० जीबीच्या, नावं सारखीच, आणि मी न वाचता पुढं पुढं दाबत गेलो. कोरी डिस्क जुनीवर उतरली. त्यात त्याच्या बहिणीच्या लग्नाचे फोटो होते आणि त्याच्या वडिलांचे शेवटचे फोटो त्याच लग्नातले. काकू मला एक शब्द बोलल्या नाहीत. तेव्हापासून बॅकअप डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी पेचकस हातात घेत नाही.

कोणती एसएसडी घ्यायची

तीन प्रकार ओळखता आले की बाजारात फसगत होत नाही.

पहिली अडीच इंची साटा एसएसडी. साटा म्हणजे हार्ड डिस्क बोर्डाला जोडायची नेहमीची पद्धत. लॅपटॉपच्या हार्ड डिस्कसारखीच दिसते, जाडी ७ मिलिमीटर. जवळपास प्रत्येक जुन्या डेस्कटॉपला आणि लॅपटॉपला बसते. साटाची मर्यादा असल्यामुळं तिचा वेग सेकंदाला साधारण ५५० एमबीच्या पुढं जात नाही. आपल्या कामाला तो भरपूर आहे.

दुसरी आणि तिसरी दिसायला सारख्याच, च्युइंगमच्या पट्टीसारख्या. दोघींना एम.२ म्हणतात. आकार बहुधा २२८०, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. पण एक आतून साटा असते आणि दुसरी एनव्हीएमई, म्हणजे त्याहून वेगवान जोडणीची. साटावालीला बहुतेक वेळा दोन खाचा असतात, एनव्हीएमईला बहुतेक वेळा एकच. एनव्हीएमईचा वेग सेकंदाला साडेतीन हजार एमबी आणि त्याहून पुढंही जातो. खाच जुळली म्हणून चालेलच असं मात्र नाही, बोर्डाला तो प्रकार चालायला हवा. म्हणून मशीनचं किंवा बोर्डाचं पूर्ण मॉडेल लिहून घ्या आणि कंपनीच्या माहितीपत्रकात बघा. जुन्या अनेक बोर्डांना एनव्हीएमईवरून विंडोज चालू करता येत नाही. पट्टी बसते, विंडोजमध्ये दिसतेही, पण मशीन तिच्यावरून उठत नाही.

टायपिंग, ब्राउझर, टॅली, स्कॅनिंग एवढंच काम असेल तर हार्ड डिस्कवरून साटावर येताना जो फरक जाणवतो तेवढा साटावरून एनव्हीएमईवर जाताना जाणवत नाही. बोर्डात जागा असेल आणि दोन्हींचा भाव जवळपास असेल तर एनव्हीएमई घ्या. नाहीतर साटा घेऊन उरलेले पैसे रॅमला लावा. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांना एनव्हीएमईचा पैसा वसूल होतो.

आता जागा किती हवी ते. १२० किंवा १२८ जीबीची घेऊ नका. विंडोज, त्याचे अपडेट आणि दोन-चार सॉफ्टवेअर यांतच ती भरत येते, आणि गच्च भरलेली एसएसडी हळू होते. पंधरा-वीस टक्के जागा कायम मोकळी राहिली पाहिजे. २५६ जीबी ही खालची मर्यादा धरा. विंडोजमध्ये ती २३८ दिसेल, तर घाबरू नका. कंपनी जीबी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत, म्हणून हा फरक पडतो. ५०० ची ४६५ दिसते, एक टीबीची ९३१.

भावाची तुलना जीबीमागं करा. समजा २५६ जीबी २,४०० रुपयांना आणि ५१२ जीबी ३,६०० रुपयांना मिळतेय. पहिलीत जीबीमागं सव्वानऊ रुपयांच्या वर पडले, दुसरीत सात. दुसरी स्वस्त झाली, पण ती जागा वापरणार असाल तरच. ज्याच्याकडं ५०० जीबीची चांगली हार्ड डिस्क आधीच आहे, त्यानं विंडोजसाठी २५६ ची एसएसडी घ्यावी आणि फोटो-व्हिडिओ जुन्या डिस्कवर ठेवावेत. डेस्कटॉपवाल्यांसाठी हीच जोडी मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. हे आकडे नुसते उदाहरणाचे आहेत. २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिपांचे भाव चढलेत, तेव्हा घेण्याच्या दिवशीच दोन-तीन ठिकाणी विचारा, आणि सांगितलेला भाव १८ टक्के जीएसटी धरून आहे की सोडून तेही विचारा.

खोक्यावर 'टीबीडब्ल्यू' असा आकडा असतो. डिस्कवर एकूण किती टेराबाइट लिहून होईपर्यंत कंपनी हमी देते, तो हा आकडा. समजा तो १५० आहे आणि तुम्ही रोज २० जीबी लिहिता. दीड लाख जीबी भागिले २० म्हणजे ७,५०० दिवस, वीस वर्षं. तेव्हा एसएसडी लिहून लिहून लवकर झिजते ही भीती घरच्या वापरात सोडून द्या. टीएलसी आणि क्यूएलसी असे चिपांचे दोन प्रकार भेटतील. भाव सारखा असेल तर टीएलसी घ्या, मोठी फाइल भरताना क्यूएलसीचा वेग मध्येच फार खाली येतो.

दुकानातून घ्यायची की ऑनलाइन? आमच्या भागातले लोक परभणीला किंवा नांदेडला गेले की आणतात. चार पैसे जास्त लागले तरी बिल देणाऱ्या, बदलून देणाऱ्या दुकानातून घ्या. तीन किंवा पाच वर्षांची वॉरंटी बिलाशिवाय उपयोगाची नाही. आणि हजार-पंधराशे रुपयांत १६ टीबीची बाहेरची एसएसडी अशी जाहिरात दिसली तर तिकडं फिरकूही नका. आत एखादं छोटं मेमरी कार्ड असतं, आकडा खोटा दाखवलेला असतो, आणि त्यावर टाकलेला डेटा गायब होतो.

बसवायचा दिवस

नवीन विंडोज मारायचं की जुनं जसंच्या तसं क्लोन करायचं? डिस्क निरोगी असेल, विंडोज नीट चालत असेल आणि पन्नास सॉफ्टवेअर पुन्हा टाकायचा जीव नसेल तर क्लोन करा. क्लोनझिला मोफत आहे, पण नवख्याला अवघड जातं. अनेक एसएसडी कंपन्या आपल्या डिस्कसोबत क्लोनिंगचं सॉफ्टवेअर फुकट देतात, ते सोपं असतं. लॅपटॉपसाठी यूएसबी ते साटा केबल लागेल. पुढं जाण्याआधी स्रोत कोणता आणि लक्ष्य कोणतं हे डिस्कच्या मॉडेल नंबरवरून मोठ्यानं वाचा. व्हायरस, अडकणं, वर्षानुवर्षांचा कचरा असेल, किंवा डिस्क पिवळी दाखवत असेल, तर कोरं विंडोजच मारा. त्यासाठी आठ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह आणि मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं मीडिया क्रिएशन टूल लागतं.

मशीन शटडाउन करा, प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. लॅपटॉपची बॅटरी निघत असेल तर काढा, आत असेल तर तिचा जोड आधी सोडवा. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मग आतल्या वस्तूला हात लावा. उन्हाळ्यात कोरड्या हवेत अंगावरची स्थिर वीज चिपांना मारते.

कॅबिनेट उघडलंच आहे तर काळी धूळ काढून घ्या. मऊ ब्रश पुरतो. पंक्चरच्या दुकानात नेऊन कॉम्प्रेसरची हवा मारून आणणारे खूप जण आहेत. त्या हवेत पाण्याचे बारीक थेंब असतात आणि पंखा भरमसाट वेगानं फिरून बिघडतो. ते करू नका.

डेस्कटॉपमध्ये एसएसडीला दोन केबली लागतात, एक डेटाची आणि एक पॉवरची. डेटाची केबल बहुतेक एसएसडीसोबत येत नाही, ती खरेदीच्या वेळीच घ्या, नाहीतर चाळीस रुपयांच्या वस्तूसाठी पुन्हा परभणी. बोर्डावर साटाची अनेक तोंडं असतात, त्यातलं ६ जीबीपीएस लिहिलेलं निवडा. एसएसडी हलकी असते, स्टँड नसला तरी एका स्क्रूवर राहते.

लॅपटॉपमध्ये जुनी डिस्क काढून त्याच जागी एसएसडी सरकवायची. तिच्या भोवतीची पत्र्याची चौकट नव्या डिस्कला लावायला विसरू नका. सीडी ड्राइव्ह असेल तर ती काढून तिथं कॅडी, म्हणजे डिस्क धरणारी चौकट, घालून जुनी डिस्क ठेवता येते. कॅडी ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन जाडींत मिळते, म्हणून घेण्याआधी पट्टीनं मोजा. एम.२ पट्टी तिरकी घालायची, मग हळूच खाली दाबून स्क्रू लावायचा. जोर लावावा लागत असेल तर काहीतरी चुकतंय.

कोरं विंडोज मारणार असाल तर त्या वेळी जुन्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा. ही बारकी गोष्ट अनेकांना महागात पडते. दोन्ही डिस्क जोडलेल्या असल्या की कधी कधी विंडोज एसएसडीवर जातं पण चालू होण्याची फाइल जुन्या डिस्कवर बसते, आणि वर्षभरानं जुनी डिस्क काढली की मशीन उठत नाही. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, साटा मोड 'एएचसीआय' आहे का बघा. विंडोज ११ साठी तिथंच यूईएफआय (मशीन चालू होण्याची नवी पद्धत) चालू ठेवा. विंडोज उठून चाललं की मग जुनी डिस्क जोडा आणि बूट क्रमात एसएसडी पहिली आहे याची खात्री करा.

नवी डिस्क विंडोजमध्ये दिसतच नसेल तर ती खराब आहे असं समजून परत घेऊन पळू नका. 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा, ती तिथं काळ्या पट्टीत बसलेली असते. तिला तिथं इनिशियलाइज, म्हणजे वापरासाठी तयार, करावं लागतं.

बसवल्यानंतर

क्रिस्टलडिस्कमार्क चालवून एकदा वेग मोजा. साटावर सलग वाचनाचा आकडा ५०० च्या आसपास यावा. २७०-२८० वर अडकला असेल तर केबल ३ जीबीपीएसच्या तोंडाला लागली आहे, किंवा बोर्डच तेवढा जुना आहे. तोंड बदलता आलं तर बदला. नाही आलं तरी निराश होऊ नका, शोधाचा वेळ तसाच कमी राहतो आणि मशीन पळतंच.

'डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज' उघडून तिथं 'सॉलिड स्टेट ड्राइव्ह' असं लिहून येतंय का बघा. येत असेल तर विंडोज तिला ट्रिम देतं, म्हणजे पुसलेल्या फाइलींची जागा आतून मोकळी करत राहतं. बाहेरचं डीफ्रॅगचं सॉफ्टवेअर मात्र एसएसडीवर कधी चालवू नका. त्यानं वेग वाढत नाही, फुकट लिहिणं वाढतं.

या ट्रिमची दुसरी बाजूही माहीत असू द्या. हार्ड डिस्कवर चुकून पुसलेली फाइल पुष्कळदा परत काढता येते. एसएसडीवर ट्रिम झालं की ती गेली. शिवाय हार्ड डिस्क मरण्याआधी कटकट करते, अडकते, इशारा देते. एसएसडी अनेकदा आदल्या दिवशी ठणठणीत असते आणि दुसऱ्या दिवशी दिसतच नाही. म्हणजे वेगवान डिस्क घेतल्यावर बॅकअपची गरज कमी होत नाही, वाढते.

आणि वीज. आपल्याकडं पावसाळ्यात दिवसातून किती वेळा लाइट जाते ते सांगायला नको. कोणता डेटा कुठल्या चिपमध्ये आहे याची यादी एसएसडी आतल्या आत सतत बदलत असते. ऐन लिहिताना वीज गेली तर ती यादी बिघडू शकते, आणि घरगुती एसएसडींत अशा वेळी वाचवणारी सोय बहुधा नसते. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर एसएसडीच्या बजेटमध्येच त्याचे पैसे धरा. यूपीएस आहे पण बॅटरी मेलेली आहे, हा प्रकार तर मी दर दुसऱ्या केंद्रात बघतो. महिन्यातून एकदा काम बंद ठेवून भिंतीवरचं बटण बंद करा आणि मशीन चालू राहतं का बघा. दोन मिनिटं जरी मिळाली तरी शटडाउन करायला पुरतात.

एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागं वीतभर जागा सोडा. साटा एसएसडी फार तापत नाही, पण एनव्हीएमई तापली की स्वतःच वेग कमी करते. बोर्डासोबत तिच्यासाठी पत्र्याची पट्टी आली असेल तर ती लावा, आणि पट्टीखालचं प्लास्टिक आधी सोलून काढा.

काढलेली जुनी डिस्क लगेच फॉरमॅट मारू नका. निदान महिनाभर तशीच ठेवा, कारण कोणती फाइल राहिली ते तिसऱ्या आठवड्यात आठवतं. नंतर ती निरोगी असेल तर लॅपटॉपची डिस्क यूएसबीच्या केसमध्ये घालून बॅकअपला वापरा. या कामाला हार्ड डिस्कच बरी. एसएसडी विजेशिवाय कपाटात बराच काळ पडून राहिली तर तिच्यातला डेटा हळूहळू विरत जाऊ शकतो. विकायची असेल तर मात्र नुसतं फॉरमॅट पुरत नाही. सेवा केंद्राच्या डिस्कमध्ये गावाचे आधार आणि बँकेचे खाते नंबर असतात. पूर्ण डिस्कवर शून्य लिहून पुसा, किंवा विकूच नका.

सेलूजवळच्या त्या ताईंनी जुनी डिस्क केसमध्ये घालून घेतली आहे. तिच्यावर चिकटपट्टी लावून त्या दर शनिवारी बॅकअप घेतला की तारीख लिहितात. मागच्या वेळी गेलो तेव्हा पट्टीवर जागा उरली नव्हती, म्हणून त्यांनी दुसरी लावली होती.